रोमाच्या चौकातील पेढी

टेक्सासच्या दक्षिण कडेला रिओ ग्रांदे नदी हीच अमेरिका आणि मेक्सिको यांची हद्द. नदीच्या अमेरिकी काठावर, वाळूच्या दगडाच्या उंचवट्यावर, रोमा नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या मधोमध लांबट चौक. त्याच्या एका टोकाला चर्चचा मनोरा, दुसऱ्या टोकाला कडा, कड्याखाली नदी आणि पलीकडे मेक्सिको. या चौकात मानुएल गेर्रा या व्यापाऱ्याची दुमजली विटांची इमारत उभी आहे. १८८४ साली बांधलेली; खाली दुकान, वर बिऱ्हाड. भिंतींतून पुढे आलेले अर्धस्तंभ, त्यांच्या माथ्यावरची शिरे, छतालगत फिरणारी नक्षीदार कांगणी आणि वरच्या मजल्याला लोखंडी कठड्याचा सज्जा. चारही बाजूंना काटेरी मेस्किटचे रान, गुरांचे तळ आणि उन्हाळ्यात चाळिशीपर्यंत चढणारा पारा. अशा ठिकाणी पीठ, कापड आणि साखर विकणाऱ्या माणसाने एवढा थाट का करावा? पैसा हाती आला आणि मिरवावासा वाटला, असे उत्तर सहज सुचते. मला ते अपुरे वाटते. ही इमारत धंद्यातून उरलेल्या पैशाची शोभा नव्हती, धंद्याचे ते एक हत्यारच होते. जिथे चलन, जकात, नदीचे पात्र आणि राज्यही वेळोवेळी बदलत होते, तिथे कर्ज देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला समोर दिसेल, हाताने चाचपता येईल असे तारण एकच होते, ते म्हणजे या विटा.

असे तारण दाखवण्याची गरज बाहेरून आलेल्याला अधिक असते, पण आधी एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. गेर्रा कुटुंबाला ‘बाहेरून आलेले’ म्हणायचे तरी का? मानुएलचा जन्म १८५६ चा, नदीपलीकडच्या मिएर गावचा. मिएर १७५३ साली वसले. होसे दे एस्कान्दोन याने स्पेनच्या राजाच्या वतीने या नदीकाठी जी गावे वसवली त्यांपैकी ते एक. पुढे १७६७ मध्ये वसाहतकऱ्यांना जमिनी मोजून दिल्या गेल्या, त्या लांबच लांब अरुंद पट्ट्यांच्या रूपात. प्रत्येक पट्ट्याचे तोंड नदीवर, कारण त्या कोरड्या मुलखात पाण्याला वाट नसेल तर जमिनीला मोल नाही. असे पट्टे दोन्ही काठांवर होते आणि गेर्रा घराण्याचा वारसा याच वाटपापर्यंत मागे जातो. तेव्हा नदी ही हद्द नव्हती. जनावरांना पाणी पाजायची ती सामायिक जागा होती. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने तीच नदी दोन राष्ट्रांची सीमा ठरवली आणि एकाच गावशिवाराचे दोन देश झाले. म्हणून कोणी म्हणेल की मानुएल स्थलांतरित नव्हताच, सीमाच त्याच्या कुटुंबावरून चालत गेली. यात तथ्य आहे. तरीही १८५६ साली मिएरमध्ये जन्मलेले मूल मेक्सिकोचेच नागरिक होते, आणि वयात आल्यावर त्याने अमेरिकी काठ निवडला ही गोष्ट उरतेच. किशोरवयात तो कॉर्पस क्रिस्ती या बंदरात गेला, इंग्रजी शिकला, व्यापाराची उमेदवारी केली आणि १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोमात येऊन त्याने दुकान मांडले. पूर्वजांच्या जमिनीवर परतणारा माणूस परक्या राज्याच्या भाषेची आणि हिशेबाची उमेदवारी करून परतत होता. वारस आणि उपरा या दोन्ही भूमिका एकाच माणसात होत्या, आणि त्या दोन्ही नीट वठवता आल्या म्हणूनच त्याचे दुकान चालले.

हे दुकान कशावर चालत होते ते समजून घेतल्याशिवाय विटांचा अर्थ लागत नाही. सीमेवरचा व्यापार म्हणजे दोन देशांच्या जकातींतल्या फरकावरचा व्यापार. अमेरिकेच्या काँग्रेसने १८५२ मध्ये कायदा करून युरोपातला माल अमेरिकी बंदरांतून, अमेरिकी जकात न भरता, सरकारी कुलपाखाली थेट मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत न्यायची मुभा दिली. मेक्सिकोची जकात जबर होती, त्यामुळे अलीकडे माल स्वस्त, पलीकडे महाग. आणि पलीकडची माणसे बिऱ्हाड उचलून अलीकडे येऊ लागली. ही गळती थांबवण्यासाठी तामाउलिपासच्या गव्हर्नराने मार्च १८५८ मध्ये सीमेलगतच्या मेक्सिकन गावांना परदेशी माल जकातीशिवाय आणायची सवलत दिली. हाच सोना लिब्रे, म्हणजे मुक्त पट्टा. आता पारडे उलटे झाले आणि अमेरिकी व्यापाऱ्यांनी चोरट्या आयातीच्या नावाने वॉशिंग्टनपर्यंत ओरड केली. १८८५ मध्ये हा पट्टा मेक्सिकोच्या सबंध उत्तर सीमेवर पसरला, १९०५ मध्ये तो मोडीत निघाला. मधल्या काळात अमेरिकी यादवी युद्ध झाले. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली, तेव्हा दक्षिणेचा कापूस याच नदीच्या उतारांवरून मेक्सिकोत उतरला आणि तिथून युरोपला गेला. रोमापर्यंत उथळ तळाच्या वाफेच्या बोटी चढत. त्यापुढे पाणी पुरत नसे, म्हणून जलमार्गाचे शेवटचे बंदर हेच. चामडी आणि लोकर खाली जाई. कापड, पीठ, साखर, कॉफी, अवजारे वर येत.

या उलथापालथीत व्यापाऱ्याला खरी अडचण असे ती पैशाची. नदीकाठी मेक्सिकन चांदीचा पेसो चाले, अमेरिकी काठावरसुद्धा, आणि विसावे शतक उजाडेपर्यंत तो चालत राहिला. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला पेसो आणि डॉलर जवळपास बरोबरीचे होते. मग जगभर चांदी घसरली आणि १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एका डॉलरला सुमारे दोन पेसो मोजावे लागू लागले. माल डॉलरच्या हिशेबाने यायचा, गिऱ्हाईक पेसोत द्यायचे, आणि तेही लोकर कातरल्यावर किंवा गुरे विकल्यावर. म्हणजे दुकानदाराने सहा-आठ महिने उधारी सांभाळायची आणि तेवढ्या मुदतीत चलन पडले तर तोटा गिळायचा. बँक जवळपास नव्हती, त्यामुळे बँकेचे कामही दुकानावरच येऊन पडले. गेर्रा पुढे उघडपणे सावकारी आणि बँकेचा व्यवहार करू लागला. दुष्काळात पशुपालकांना त्याने कर्जे दिली. अशा धंद्यात मालापेक्षा पत मोठी. बंदरातल्या घाऊक व्यापाऱ्याला भरवसा हवा की हा माणूस पुढच्या वर्षीही इथेच असेल. गावातल्या कर्जदारालाही भरवसा हवा की आपला हिशेब आणि आपले गहाणखत रातोरात नदीपार जाणार नाही. सीमेच्या गावात पळून जाणे सोपे असते: होडीत बसले की दुसऱ्या राज्याचा कायदा सुरू. अशा ठिकाणी माणसाने आपला पैसा न हलवता येणाऱ्या वस्तूत घालणे ही जाहीर हमी असते. दुकान सुरू झाल्यावर काही वर्षांतच, उधारीचा व्याप वाढत असताना, गेर्राने ती हमी विटांत दिली.

बांधणारा माणूसही बाहेरचाच होता. हाइनरिश पोर्टशेलर हा जर्मनीचा. १८६५ च्या सुमारास तो व्हेराक्रूझ बंदरात उतरला. तेव्हा मेक्सिकोच्या गादीवर फ्रान्सच्या जोरावर बसवलेला सम्राट माक्सिमिलियान होता आणि पोर्टशेलर प्रथम त्याच्या सैन्यात ओढला गेला असे सांगतात. साम्राज्य कोसळले, हा जर्मन गवंडी मात्र उत्तरेकडे सरकत नदीकाठी राहिला, मिएरमध्ये तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केले आणि १८८३ च्या सुमारास रोमात आला. पुढची दहाएक वर्षे या चौकाला त्याने जो चेहरा दिला तो आजही पुसलेला नाही. त्याची खासियत साच्यातली वीट. या भागात कोरीव कामाजोगा चांगला दगड नाही. आहे तो ठिसूळ वालुकाश्म, ज्याच्या चिपा भिंतीत भरून पूर्वीची घरे चुन्याने लिंपत. पोर्टशेलरने नदीचा गाळच हाताशी धरला. स्तंभाचे पायथे, शिरांवरचे कंगोरे, कांगणीखालची दातेरी ओळ, दारांवरच्या पट्ट्या, सारे काही भाजलेल्या विटांचे. हे वाटते त्यापेक्षा अवघड काम आहे. दगड रचून मग कोरता येतो. वीट मात्र भट्टीत जाण्यापूर्वीच आपल्या अंतिम आकाराची असावी लागते. कांगणीच्या एका रांगेत गोलवा असलेली, खोबणीची, उतरत्या कडेची अशा अनेक जातींच्या विटा लागतात. प्रत्येकीचा लाकडी साचा वेगळा. माती सुकताना आकसते, भाजताना पुन्हा आकसते, आणि भट्टीच्या मधली वीट व कडेची वीट सारखी आकसत नाही. म्हणजे इमारतीच्या माथ्यावरची शेवटची रेघ पायाभरणीच्या वेळी डोक्यात पक्की असली पाहिजे आणि तिच्यासाठी किती विटा फुकट जातील याचाही अंदाज हवा. एवढे करून कोपऱ्यावर कांगणी वळते तिथे सांधा नीट जुळायला हवा, तिथे खोटे चालत नाही. चौकात रोज ये-जा करणाऱ्या गुराख्याला स्तंभरचनेचे ग्रीक-रोमन शास्त्र ठाऊक नसेल, पण विटेच्या सरळ ओळीमागची मेहनत आणि खर्च त्याला नक्की कळत होता. त्या मुलखात तो स्वतः मातीच्या नाहीतर कुडाच्या घरात राहत होता.

इमारतीची मांडणी मात्र जर्मन नाही. ती नदीपलीकडच्या मिएर, कामार्गो, मातामोरोस या गावांतली आहे. रस्त्याला अगदी खेटून सलग भिंत, मागे भिंतींनी बंद केलेले अंगण, अंगणाभोवती कोठारे आणि सेवेच्या खोल्या. पुण्याच्या पेठांतले रस्त्याकडे दुकान आणि आत चौक असलेले वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा आराखडा ओळखीचा वाटेल. रस्त्याकडच्या बाजूला उंच दुहेरी दारे ओळीने आहेत, दुकानाला खिडक्या जवळजवळ नाहीत. सारी दारे उघडली की दुकान चौकाचाच भाग होते; हवा आरपार खेळते, आतला माल बाहेरून दिसतो आणि कोण आत गेले, किती वेळ थांबले हेही दिसते. दारे लावली की तीच इमारत गढी होते. वरचे बिऱ्हाड ही यातली कळीची गोष्ट आहे. दुकानदाराची बायकामुले गोदामाच्या डोक्यावर राहतात याचा अर्थ राखण चोवीस तास आहे, हा एक भाग झाला. दुसरा भाग माझ्या मते अधिक मोलाचा: या माणसाने आपला संसार आपल्या मालाबरोबर एकाच छपराखाली जोखमीत घातला आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. कर्ज बुडाले तर त्याचे घरही बुडणार. सज्ज्यातून कुटुंब चौकाकडे पाहते आणि चौक कुटुंबाकडे.

यावर दुसरा आक्षेप असा येईल की मी साध्या फॅशनला अर्थशास्त्राचा मुलामा देतो आहे. अर्धस्तंभ आणि कांगण्या त्या काळी माँतेरेपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत सगळीकडे होत्या. लोखंडी कठड्यांचे सज्जेही तसेच. व्यापारी इतरांसारखे घर बांधतो, त्यात विशेष काय? फॅशन होती हे खरे. पण फॅशनने एवढेच कळते की नक्षी कोणती. ती कुठे लावली हे त्यातून कळत नाही. या घराच्या चौकाकडच्या दर्शनी भागावर सारा खर्च झाला आहे आणि अंगणाकडच्या भिंती साध्या आहेत. खाजगी हौस असती तर थोडीतरी नक्षी आत, कुटुंबाच्या नजरेसमोर आली असती. शिवाय हा प्रकार एकट्या गेर्राचा नाही. रोमाच्याच चौकातले नेस्तोर साएन्झचे दुकान पोर्टशेलरचे आणि त्याच वर्षाचे. नदीने थोडे खाली, रिओ ग्रांदे सिटीत, मेक्सिकोतून आलेल्या सिल्व्हेरिओ दे ला पेन्याने १८८६ मध्ये त्याच्याकडूनच इमारत बांधून घेतली: खाली औषधांचे दुकान आणि पोस्ट, वर राहते घर. टपाल, औषध आणि उधारी या तिन्ही गोष्टी विश्वासाच्या. समुद्राजवळच्या ब्राउन्सव्हिलमध्ये १८९० च्या दशकात स्पेनहून आलेल्या कुटुंबांनी ‘ला माद्रिलेन्या’ आणि ‘ला नुएव्हा लिबेर्ताद’ ही कोपऱ्यावरची किराणा दुकाने अशाच घडीव विटांत उभी केली. वेगवेगळ्या देशांतून आलेली, वेगवेगळा माल विकणारी माणसे एकाच नदीवर दहा-पंधरा वर्षांच्या आत एकाच तऱ्हेचा खर्च एकाच बाजूवर करतात, तेव्हा त्यामागे आवडीशिवाय आणखी काही कारण असले पाहिजे. ते कारण मला तरी पतीखेरीज दुसरे दिसत नाही. ज्याची चार पिढ्यांची ओळख आहे त्याला अशा दर्शनी भिंतीची गरज कमी. नव्याने आलेल्याला, किंवा नव्या राज्यात नव्याने उभे राहणाऱ्याला, ती जास्त.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो मी टाळणार नाही. पत म्हणजे सत्ता. ज्याच्या वहीत गावाचे नाव, त्याच्या मुठीत गावाचे मत. रोमा ज्या स्टार काउंटीत आहे तिथला गेर्रा हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बडा पुढारी होता आणि ब्राउन्सव्हिलच्या जिम वेल्स या दक्षिण टेक्सासच्या राजकीय धन्याशी त्याची युती होती. टेक्सासने १९०२ मध्ये मतदानासाठी डोईपट्टी लावली, आणि या भागातले पुढारी आपल्या माणसांची पट्टी स्वतः भरून मतांची बेगमी करत. नोव्हेंबर १९०६ मध्ये निवडणुकीच्या आदल्या रात्री रिओ ग्रांदे सिटीत न्यायाधीश स्टॅन्ली वेल्च झोपेत गोळी घालून मारले गेले, इतके ते राजकारण विषारी झाले होते. मग ही सुंदर इमारत म्हणजे कर्जदारांच्या मानेवर ठेवलेले जोखडच नाही का? काही अंशी आहे, आणि सौंदर्याकडे बोट दाखवून ते झाकता येत नाही. पण या आक्षेपाने माझे म्हणणे खोडले जात नाही. उलट बळकट होते, कारण इमारत निव्वळ शोभेची असती तर तिला मानेवर बसायचे बळ आले नसते. शिवाय त्या काळच्या शेजारच्या मुलखाकडेही पाहिले पाहिजे. रेल्वे १९०४ मध्ये ब्राउन्सव्हिलला पोचली आणि उत्तरेतून जमिनी विकत घेणारे शेतकरी लोंढ्याने आले. खालच्या खोऱ्यात मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हातून जमिनी, पदे आणि मते झपाट्याने गेली. १९१५ मध्ये तर टेक्सास रेंजर्स आणि स्वयंघोषित पथकांनी तिथे मेक्सिकन वंशाच्या माणसांना, कित्येकदा चौकशीशिवाय, शेकड्यांनी मारले. स्टार काउंटीत मात्र मेक्सिकन वंशाची माणसे कोर्टकचेऱ्यांत आणि जमिनीवर टिकून राहिली. त्याचे श्रेय एका दुकानाला देणे अतिशयोक्ती होईल. पण स्थानिक भांडवल स्थानिक हातांत होते आणि गहाणखते परक्या कंपन्यांकडे गेली नव्हती, ही त्या टिकण्यामागची एक मोठी बाब होती. सावकार आपल्यातला असणे हा न्याय नव्हे; तरी जमीन वाचण्याची एक शक्यता त्यात असते.

मानुएल गेर्रा आणि पोर्टशेलर दोघेही त्याच १९१५ साली वारले. गेर्राच्या मुलांनी दुकान, बँक आणि राजकारण पुढे बरीच वर्षे चालवले, पण दुकानाला जन्म देणारा व्यापार त्याआधीच आटला होता. १८८१ मध्ये रेल्वे वरच्या लारेदोला पोचली तेव्हाच नदीची वाहतूक मागे पडली. वरच्या भागात शेतीसाठी पाणी उपसले जाऊ लागले, तशा बोटीही बंद झाल्या. रोमाला रेल्वे कधी आलीच नाही. १९२८ मध्ये झुलता पूल झाला, पण तोवर मोठा माल दुसऱ्या वाटांनी जात होता. चौक वाचला तो या गरिबीमुळे. ज्या गावांत पैसा खेळत राहिला तिथे जुनी दुकाने पाडून काचेच्या दर्शनी भिंती आल्या. रोमात पाडायलाही पैसा नव्हता. एलिया कझानला ‘व्हिवा झपाता!’ या १९५२ च्या चित्रपटासाठी जुने मेक्सिको हवे होते, ते त्याला अमेरिकेच्या हद्दीत इथे आयते मिळाले. १९९३ मध्ये या चौकाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

दर्जा मिळाल्यावर दुरुस्तीचा प्रश्न येतो आणि तिथे पुन्हा सीमा आडवी येते. हाताने पाडलेली, मध्यम आचेवर भाजलेली ही वीट मऊ आहे; ती चुन्यात श्वास घेते. तिच्या सांध्यांत आजचे कडक सिमेंट भरले की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि सांधा शाबूत राहून वीटच फुटते, कडेचे कंगोरे गळून पडतात. पोर्टशेलरची एक खोबणीची वीट गेली तर ती दुकानात मिळत नाही. साचा नव्याने करावा लागतो आणि तशी माती मळणारा हात शोधावा लागतो. तो हात नदीच्या मेक्सिकन बाजूला, कामार्गोच्या आसपास आहे. तिथल्या वीटभट्ट्यांनी टेक्सासला पिढ्यानपिढ्या वीट पुरवली आहे आणि तिथे हाताने वीट पाडण्याची विद्या अजून आहे. म्हणून या चौकाच्या जतनासाठी निधी मागणाऱ्यांनी अंदाजपत्रकात चुना, लाकडी साचे आणि कामार्गोचे कारागीर यांची रक्कम आधी धरावी, आणि त्या विटांच्या गाड्या पुलावर अडणार नाहीत अशी परवानगी जकातखात्याकडून कामाच्या आधीच मिळवावी. १८८४ मध्ये गेर्राच्या दुकानाला दोन्ही काठ लागले होते. त्याच्या दुरुस्तीलाही दोन्ही लागतील.